मगनभाऊंच्या तसबिरीखालच्या दहा ओळी

थोर माणसाचा परिचय लिहिणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा लिहून बघावा. आमची खुशनुमा हायस्कूलात इतिहास शिकवते, त्यामुळे तिच्या हाताखालून असे हजारो परिचय गेलेत. पोरं कुठल्याही पुढाऱ्याला एकाच साच्यात घालतात. जन्म गरीब पण सुसंस्कृत घरात, लहानपणापासून वाचनाची आवड, पुढे समाजासाठी झिजले आणि अखेर प्राणज्योत मालवली. एका बहाद्दरानं तर हिटलरलासुद्धा समाजासाठी झिजवला होता. खुशनुमानं त्याचे गुण कापले, पण घरी जाऊन आईला सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तर हे असे परिचय लिहायचं काम एक दिवस तिच्याच गळ्यात पडलं. आमच्या गावच्या नगरपालिकेनं सभागृह नवं केलं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, उगाच उद्या कोणी दारात उभं राहायचं. सोनगीरहून तासाभराच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. सभागृहाच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या नगराध्यक्षांच्या तसबिरी लागणार होत्या आणि प्रत्येक तसबिरीखाली दहा ओळींचा परिचय, काळ्या दगडात कोरलेला. मुख्याधिकारी साहेब नवे होते, बाहेरचे होते, त्यांनी विचारलं की गावात इतिहास कोणाला येतो. लोकांनी खुशनुमाचं नाव सांगितलं. त्या यादीत खुशनुमाचे वडीलही आहेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

हनीफभाई. गादी-रजईचं दुकान होतं त्यांचं, बाजारपेठेत, आणि तिथूनच ते नगरसेवक झाले, मग नगराध्यक्ष. ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा नगराध्यक्षाला नगरसेवकच निवडायचे आणि नगरसेवकच खाली खेचायचे. हनीफभाईंना वर्षभरातच खाली खेचलं. कारण काय, तर नळयोजनेची मोठी पाइपलाइन त्यांनी पहिल्यांदा आपल्या मोहल्ल्यातून नेली. आता टाकी वरच्या अंगाला आणि मोहल्ला तिच्या पायथ्याशी, पाणी उतारानंच जाणार, ते काय चढावर जाईल? पण गावात एकदा कुजबुज सुरू झाली की तिला उतार-चढाव काही लागत नाही. पक्षपाताचा आरोप झाला, अविश्वास ठराव आला आणि मंजूरही झाला.

अविश्वास ठराव आला की आमच्याकडे नगरसेवकांची सहल निघते. ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. ठरावाच्या आधी काही दिवस एका बाजूचे सगळे नगरसेवक बसमध्ये घालून कुठे तरी थंड हवेला नेतात, खाऊपिऊ घालतात, कोणाशी बोलू देत नाहीत आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहाच्या दारात उतरवतात. जागा गुप्त असते म्हणे. कसली गुप्त, गावातल्या शेंबड्या पोरालाही ती माहीत असते. त्या वेळची सहल तोरणमाळला गेली होती आणि तिच्यात मगनभाऊही होते.

हे गावाला पचायला जड गेलं. मगनभाऊ आणि हनीफभाई एका पाटीवर शिकलेले. ईदच्या शिरखुर्म्याचं पहिलं पातेलं मगनभाऊंकडे जायचं आणि खळ्यात ज्वारी पडली की पहिलं पोतं हनीफभाईंच्या ओट्यावर. त्या मगनभाऊंनी हनीफभाईंच्या विरोधात हात वर केला. एवढंच नाही, पुढची अडीच वर्षं नगराध्यक्षही तेच झाले. हनीफभाईंनी सुरू केलेली नळयोजना त्यांनी पुरी केली आणि चौकातल्या फलकावर नाव मगनभाऊंचंच लागलं.

आणखी एक गोष्ट गावात बोलली जायची, आणि खुशनुमाला खरी बोचायची ती हीच. मतदानाच्या दिवशी सकाळी बस सोनगीरला चहाला थांबली, तेव्हा हनीफभाई स्कूटरवरून तिथे पोचले होते. बसच्या खिडकीशी उभे राहिले होते. बसमधल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘हात पसरायला आला होता बिचारा,’ असं लोक चुकचुकत सांगायचे, आणि त्या बिचाऱ्यात कीव कमी, मजाच जास्त असायची. हनीफभाईंना बायकोनं, म्हणजे सकीनाबींनी, नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, गेलो होतो. बस्स. पुढे शब्द नाही. सकीनाबी कितीतरी दिवस धुमसत होत्या. पद गेल्याचं त्यांना काही नव्हतं, पण नवरा कोणाच्या खिडकीशी जाऊन मिनतवारी करतो, हे त्यांना सोसलं नाही. हनीफभाई वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते गेले, तरी सोनगीरची गोष्ट काही गेली नाही.

खरं सांगायचं तर खुशनुमालाही ती खरी वाटायची. माणूस अडचणीत मित्राकडे नाही जाणार तर कुठे जाणार, अशी ती स्वतःची समजूत घालायची. पण लाज वाटायची ती वाटायचीच.

बाकीच्यांचे परिचय तिनं भराभर लिहून टाकले. एकानं बाग केली, एकानं स्मशानभूमीला छप्पर घातलं, एकानं अडीच वर्षांत काही म्हणता काही केलं नाही, त्याच्याबद्दल ‘मनमिळाऊ स्वभाव’ असं लिहून तिनं वेळ मारून नेली. अब्बांच्या तसबिरीपाशी मात्र घोडं अडलं. पालिकेच्या जुन्या इतिवृत्तात सरळ लिहिलेलं होतं की पक्षपाताच्या आरोपावरून अविश्वास ठराव मंजूर. ते गाळावं तर लोक म्हणणार, लेकीनं बापाचं झाकलं. आरोप खोटा होता असं लिहावं तर लोक म्हणणार, लेकच ती, दुसरं काय लिहिणार? मुख्याध्यापकांनी तिला बाजूला घेऊन हेच समजावलं. म्हणजे तिच्याच हातानं तो आरोप दगडात कोरला जाणार आणि उद्या तिच्याच वर्गातली पोरं सभागृह बघायला जातील तेव्हा तो मोठ्यानं वाचणार.

त्या वेळच्या नगरसेवकांपैकी आता एकटे मगनभाऊच उरले होते. आरोप खोटा होता हे बोलायचा अधिकार कोणाला असलाच तर त्यांना. इतकी वर्षं ती त्यांच्या दारात गेली नव्हती. रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जायची. रविवारी दुपारी तिनं पदर सारखा केला आणि निघाली.

मगनभाऊ ओसरीवर खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरात गेलेले, अंग आटलेलं, पण कान तिखट. त्यांचा मुलगा योगेंद्र तिथेच होता. आता तो नगरसेवक आहे आणि या खेपेला नगराध्यक्षपदाला उभा राहणार होता. खुशनुमाला दारात पाहून तो चपापला, मग घाईघाईनं खुर्ची पुढे केली. पाणी आलं, चहा आला. ताईबाई, मगनभाऊंची बायको, गेल्यापासून त्या घरात चहा योगेंद्रच करायचा, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं आडपडदा ठेवला नाही. दहा ओळी, काळा दगड, इतिवृत्तातलं वाक्य, सगळं सांगितलं. मग विचारलं, की काका, तो आरोप खरा होता का?

मगनभाऊंनी लगेच मान हलवली. खोटा होता, ते म्हणाले, आणि बसमधल्या प्रत्येकाला तो खोटा आहे हे ठाऊक होतं. तिथे पाइपलाइनचा विषयसुद्धा निघाला नाही. पुऱ्या आणि भरीत खाल्लं, पत्ते कुटले, तळ्यावर फिरून आले.

“मग तुम्ही हात वर का केलात?”

योगेंद्र खाकरला. मगनभाऊ बोलायला लागले ते खाली बघूनच. त्यांना कोणी धमकी दिली नव्हती की काही देऊही केलं नव्हतं. चल फिरून येऊ, संध्याकाळी परत, म्हणून बसमध्ये घेतलं आणि बस सातपुडा चढायला लागली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हाच उतरायला हवं होतं. पण एकट्यानं उठायचं कसं? सगळे बघणार. त्यांना वाटलं, कोणी तरी उठेल, मग आपणही उठू. तीन दिवस ते त्याच आशेवर होते.

“बठ्ठासले, सगळ्यासलेच तेच वाटत व्हतं, बेटा,” ते म्हणाले. “कोनी उठनं नही.”

खुशनुमाला संताप आला. एवढंच? तिच्या बापाचं नाव मातीत गेलं ते असल्या कारणानं? काही मोठा डाव असता, जुनं वैर असतं, तर निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या. ती उठायलाच निघाली होती. पण मनात होतं ते तोंडातून निघून गेलं. तिनं विचारलं, की अब्बा सोनगीरला खिडकीशी आले, ते तुमच्यापुढेच हात पसरायला ना?

मगनभाऊंनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा झाला की योगेंद्र जागचा उठला.

“कोन म्हनस?”

सगळं गाव म्हणतं, ती म्हणाली. लहानपणापासून ऐकत आलेय.

म्हाताऱ्यानं खाटेची कड घट्ट धरली. मग जे सांगितलं ते तुटक तुटक, मधेच थांबत, पण सांगितलं सगळं. मगनभाऊंना तेव्हा नुकतीच रक्तात साखर निघाली होती. संध्याकाळी परत यायचं म्हणून गोळ्या घरीच राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताईबाईचा धीर सुटला. घरात काही झालं की तिचे पाय हनीफभाईंच्या दुकानाकडेच वळायचे, त्याही दिवशी वळले. ती रडत तिथे गेली. हनीफभाईंनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि गोळ्या घेऊन स्कूटरला किक मारली. बस चहाला सोनगीरलाच थांबणार, हे त्यांना माहीत होतं.

खिडकीतून त्यांनी पुडी आत दिली. मतदानाचं नाव नाही, ठरावाचं नाव नाही. एवढंच म्हणाले, की ताईबाई काळजीत आहे, आधी काही तरी खा आणि मग गोळी घे. आणि गेले. मगनभाऊंनी पाव खाल्ला, गोळी घेतली. तासाभरानं सभागृहात जाऊन हनीफच्या विरोधात हात वर केला.

“त्यानं मागितलं असतं तर मी उतरलो असतो,” मगनभाऊ म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. “नही. तवयबी उतरतू नही.”

खुशनुमाला रडू आवरेना. आईला तरी सांगायचं होतंत, अब्बा. एक वाक्य तर होतं. पण सांगितलं असतं तर ताईकाकूंचं रडणंही सांगावं लागलं असतं, आणि मगनकाकांचा आजार, जो तेव्हा त्यांनी गावापासून लपवला होता. अब्बा तसे नव्हतेच. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, की काका, हे मी अब्बांच्या तसबिरीखाली लिहिते.

मगनभाऊंनी हात आडवा धरला.

“त्याच्या खाली नको. तिथे लिहिलंस तर लोक म्हणतील, पोरीनं लिहिलं. मन्हा फोटोखाले लिख. आरोप खोटा होता ते लिही, सोनगीरचं लिही, आणि मी हात वर केला तेही लिही. माझ्या परिचयात आहे म्हटल्यावर ते मीच सांगितलं असं होईल.”

आता योगेंद्रला राहवेना. तो तसा सज्जन माणूस, आवाजही चढवला नाही. निवडणूक तोंडावर आहे, त्यानं वडिलांना सांगितलं. सगळे विरोधक त्या दगडाचे फोटो काढून घरोघरी पाठवतील. तुम्ही पाणी आणलंत, नळयोजनेचे शिल्पकार म्हणून तुमचं नाव आहे, आणि या वयात ते पुसून टाकायचं? तेही दगडात कोरून?

“आबा, लोक काय म्हणतील?”

“लोक तीस वर्षांपासून म्हणताहेतच,” मगनभाऊ म्हणाले. “फक्त चुकीच्या माणसाला.”

योगेंद्र खांबाला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं आत जाऊन वडिलांचा चष्मा आणला आणि त्यांच्या हातात दिला.

खुशनुमानं तिथेच ओसरीवर बसून ओळी लिहिल्या. पहिल्या सहा ओळींत जन्म, शेती, नळयोजना. मग उरलेलं. तिनं वाचून दाखवलं: ‘माजी नगराध्यक्ष हनीफभाई यांच्यावरील पक्षपाताचा आरोप खोटा असल्याचे ठाऊक असूनही यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याच सकाळी हनीफभाई सोनगीरपर्यंत येऊन आपल्या या मित्राला औषध देऊन गेले होते. ही नोंद मगनभाऊंनी स्वतः सांगितल्यावरून.’

मगनभाऊंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटानं एकेक शब्द चाचपत गेले आणि एका जागी थांबले. हा ‘मित्र’ काढ, ते म्हणाले. बाकी सगळं बरोबर आहे, पण हा शब्द काढ, मी तो पाळला नाही.

खुशनुमानं कागद परत घेतला आणि घडी घातली.

“तो काढणं तुमच्या हातात नाही, काका,” ती म्हणाली. “अब्बा सोनगीरला आले होते.”