पाठमोरी बुधरी

माझी बायको बुधरी गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा तिच्या नावाचा दगड मी कोलूभाऊ पाथरवटाकडं घडवायला दिला. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा होता. आमच्या गावात गेलेल्या माणसाचा दगड तलावाच्या पाळीवर उभा करतात.

कोलूभाऊनं आधी मला पाळीवरचे जुने दगड दाखवले. एकावर घोडेस्वार मोठा आणि मागं बाई, त्याच्या गुडघ्याएवढी.

"ज्याचा दगड, तो मोठा," तो म्हणाला.

दुसऱ्यावर नुसता माणूस होता.

"पायाखाली आडवी रेघ नाई, पाह्य. म्हणून उभा नाई वाटत. पडून राह्यला असा वाटते."

तोंडं मात्र सगळ्यांची समोर, सगळ्यांची सारखी.

"बुधरी कशी काढू?" त्यानं विचारलं.

मी डोळे मिटले तर मला तिची पाठ दिसली. मोहफुलं, तेंदूपानं वेचायला जाताना रानातली वाट तिला माहीत, म्हणून ती पुढं, मी मागं. सगळा संसार असाच झाला.

"पाठमोरी काढ," मी म्हणालो.

"काऊन? भांडून गेली का तुझ्याशी?"

तो हसला. मी हसलो नाही, तसा त्यानं कोळसा उचलला आणि कोऱ्या दगडावर मानेपासून टाचेपर्यंत एकच वाकडी रेघ ओढली. डाव्या कमरेवर टोपलं, अंग उजवीकडं कललेलं. बुधरीच ती. हाक मारली असती तर थांबली असती.

दुपारी माझी मुलगी अन्नपूर्णा सासरहून आली. दगडाकडं पाहून म्हणाली, "बा, माय जाऊन राह्यली."

"चालून राह्यली," मी म्हणालो.

"तू मागून चालला, म्हणून तुले चालताना दिसते. मले जाताना दिसते. मी तिच्या मांडीवर वाढली, बा. मले मायचं तोंड पाह्यजे."

मी कोलूभाऊकडं पाहिलं. त्यानं चिंधी ओली करून माझ्या हातात दिली.

"तूच पूस. माझ्यानं नाई होत."

मी आधी टोपलं पुसलं, मग टाचा. पाठ पुसायला वेळ लागला.

दगड उन्हात लगेच सुकला. कोलूभाऊनं त्यावर एक गोल काढला आणि त्यात दोन डोळे. अन्नपूर्णा रडत हात जोडून खाली बसली. मीही बसलो. ते डोळे मला ओळखू आले नाहीत.