शहाता तांबटाचा शोकमंडप

शहाता तांबटाला मारायचं सिनेमावाल्यांनी ठरवलं आणि इन्साफने त्याला होकार दिला. बापाला न विचारता दिला.

हा शहाता कुणी खराखुरा माणूस नव्हे. तिच्या वडिलांच्या, बहगत अल-दमन्हूरींच्या 'सातवी रोटी' या कादंबरीतला तो तांबट. कैरोतल्या सक्का गल्लीत त्याचं दुकान. एके सकाळी कामासाठी म्हणून तो सुएझला जातो आणि परत येत नाही. मेला, पळाला की तुरुंगात पडला, काही कळत नाही. घरात खाणारी तोंडं सहा, पण बायको रोज संध्याकाळी बुटक्या मेजावर सात रोट्या मांडते. एवढ्यावर कादंबरी संपते. दोन पिढ्यांनी ती शाळेत वाचली आणि दोन्ही पिढ्यांनी बहगतना रस्त्यात गाठून तोच प्रश्न विचारला. न्हावी विचारायचा, टॅक्सीवाला विचारायचा, एकदा तर दात उपटता उपटता डॉक्टरने विचारलं, "उस्ताद, खरं सांगा, शहाता मेला का हो?" बहगत तोंडातला कापूस काढून म्हणाले होते, "मला कळलं की तुला कळवतो."

डायरेक्टर हाझिमला मात्र असलं अधांतरी काही चालत नव्हतं. गोड बोलणारा, गळ्यात रेशमी रुमाल बांधणारा तो माणूस इन्साफसमोर बसून चहात साखर ढवळत म्हणाला होता, "मदाम, पुस्तक हातातून खाली ठेवून माणूस विचार करत बसतो. थिएटरात असं करून कसं चालेल? तिथे बाहेर पडताना डोळे पुसायला काहीतरी पाहिजे. तेव्हा शोकमंडप घालतो. चार मुलगे रांगेत उभे, शेख कुराण पढतोय, कडू कॉफी फिरतेय. अख्ख्या इजिप्तला रडवतो की नाही बघा!"

"बाबांना हे चालणार नाही," इन्साफ म्हणाली.

"मग राहू दे. पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी! बहगतना एक्क्याण्णव पुरी होऊन गेली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि हिवाळ्यातला खोकला उन्हाळा आला तरी छातीत मुक्काम ठोकून होता. त्यांची इच्छा एकच उरली होती. सिनेमा आपल्याच गल्लीत, आपल्याच खिडकीखाली व्हावा आणि तो आपल्या कानांनी ऐकावा. इन्साफ हो म्हणाली. सिनेमा पडद्यावर यायला वर्ष लागेल, तोवर बाबा... पुढचा विचार तिने पुरा केला नाही, पण केला नाही असंही म्हणता येत नाही. वर तिने हाझिमकडून शब्द घेतला की मंडपाचा प्रसंग गल्लीत नाही, लांब स्टुडिओत घ्यायचा.

शूटिंग सुरू झालं आणि घरात जणू ईद आली. गल्लीतल्या डिश उतरवल्या, तारा झाकल्या, मोबाइलच्या दुकानाचं तांबटाचं दुकान झालं. बहगत सकाळीच दाढी करून खिडकीशी बसायचे. त्यांना दिसायचे नुसते रंग, पण कान शाबूत होते. हातोडीचा ठोका ऐकून म्हणायचे, "हा नट भांडं ठोकतोय की दार? जरा हळू म्हणावं, शहाताचं भांडं आहे, दुश्मनाचं डोकं नाही." आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसायचे. अर्धी वाटी सूप पोटात ढकलायला तासभर विनवण्या करायला लावणारा हा माणूस वाडगाभर घेवड्याची उसळ रोटीने पुसून खाऊ लागला. इन्साफला वाटलं, बरं केलं आपण. फार बरं केलं.

आणि मग एका गुरुवारी सकाळी हातगाडीवरून लाल-निळ्या नक्षीच्या कापडाचे गठ्ठे गल्लीत आले. शोकमंडपाचं ते कापड कैरोत कुणाला ओळखायला शिकवावं लागत नाही. इन्साफ चपला उलट्यासुलट्या घालूनच खाली धावली.

"हाझिमसाहेब, तुम्ही शब्द दिला होता!"

"दिला होता मदाम, शपथेवर सांगतो दिला होता. पण स्टुडिओ मिळाला नाही त्याला मी काय करू? आणि बघा तरी, मंडप गल्लीला काय शोभतोय!"

"वर माझे वडील बसलेत."

"मग खिडकी लावून घ्या. दोन तासांचं तर काम."

भांडायचं कुणाशी? बांबू रोवणाऱ्यांशी, की दिवे ओढणाऱ्यांशी? ती वर आली, खिडकीच्या झडपा लावल्या आणि म्हणाली, "बाबा, आज शूटिंगला सुट्टी. गल्लीत धूळ फार उडतेय."

दुपारी शेजारची उम्म रअफत जिन्यातच तोंडाला ओढणी लावून हसत उभी. "अगं इन्साफ, मंडप बघून माझ्या जावेचा फोन आला, उस्ताद गेले का म्हणून! मी म्हटलं, तुझ्या तोंडाला आग लागो, उस्ताद तुला पोचवून मग जातील. आणि ऐकलंस का, आमचे हे सवयीने आत शिरले, त्या चार नटांशी हात मिळवले, सांत्वन केलं, कॉफी पिऊन आले. म्हणतात कॉफी मात्र खरी होती!"

इन्साफला हसू आलं नाही.

सूर्य मावळतीला गेला तसा खालून शेखचा आवाज चढला. हाझिमने नाटकी माणूस आणला नव्हता, खरा पढणारा शेख आणला होता. त्याच्या पहिल्याच आयतीबरोबर गल्लीतले सिगारेटवाले, शिट्ट्या मारणारे, सगळे चिडीचूप झाले. मंडप खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुराण तर खोटं नव्हतं. बंद झडपांमधून तो आवाज सरळ बहगतच्या खुर्चीपाशी आला.

त्यांनी मान वर केली. "कोण गेलं?"

"कुणी नाही बाबा. रेडिओ असेल."

"पोरी, डोळे गेलेत, कान नाही. हा मंडपातला आवाज आहे. आपल्या दाराशी आहे. कोण गेलं?"

सिनेमातला शेख आहे म्हणाली असती, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: माझ्या कादंबरीत शेख कुठून आला? नाव घ्यावं तर जित्या माणसाला मारल्यासारखं. "गल्लीतलं कुणीतरी गेलंय," ती म्हणाली. "तुम्ही नाही ओळखत."

आणि बोलल्याक्षणी तिला कळलं, आपण काय करून बसलो. दोन वर्षांत लग्न, बारसं, सत्कार, कशालाही हा माणूस खाली उतरला नव्हता. पण मयत!

"माझा जुब्बा दे," बहगत म्हणाले.

"बाबा, तुमचा खुबा..."

"दाराशी मंडप पडलाय आणि मी वर पाय पसरून बसू? सत्तर वर्षं या गल्लीचं मीठ खाल्लं. मी ओळखत नसलो तरी मेलेला मला ओळखत असेल. मुतवल्लीला हाक मार."

मुतवल्ली हा खालचा इस्त्रीवाला, दांडगा माणूस. तो वर आला तेव्हा इन्साफने बापाच्या पाठीमागून हात जोडले, मान हलवली, डोळ्यांनी विनवलं. मुतवल्लीला सगळं समजलं. पण उस्ताद म्हणाले, "मुतवल्ली, मला सांत्वनाला न्यायचं," आणि या गल्लीत त्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. त्याने त्यांना लहान मुलासारखं उचललं. इन्साफ मागोमाग जिना उतरताना एकच म्हणत होती, "बाबा, ऐका ना. बाबा, थांबा ना." कुणी थांबलं नाही.

मंडपाच्या तोंडाशी तिचेच पाय थबकले. आत सगळे पुरुष. बायका मयताच्या मंडपात जात नाहीत, त्या वर घरात बसतात. मंडप कापडाचा, मयत कागदावरचं, तरी तिचं पाऊल उचलेना. तिने हाझिमकडे बघून दोन्ही हात हलवले, थांबवा, थांबवा म्हणून. हाझिमने हात पसरून शेखकडे बोट दाखवलं. शेखने आधीच बजावलं होतं, पढणं सुरू झालं की मध्येच कुणी ओरडायचं नाही, अल्लाच्या शब्दाला कट नसतो. कॅमेरा चालू होता.

मुतवल्लीने बहगतना खाली ठेवलं. त्याच्या दंडाला धरून, पाय घासत ते मुलांच्या रांगेपाशी गेले आणि पहिल्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, बाळा," त्यांनी सांत्वनाचे रीतीचे शब्द उच्चारले. "कोण गेलं तुझं?"

तो नट मुरलेला होता. कॅमेरा चालू असताना आभाळ कोसळलं तरी पात्रातून बाहेर यायचं नाही, एवढं तो शिकलेला. म्हाताऱ्याला त्याने ओळखलं नाही. त्याने डोळ्यांत पाणी आणलं. "बाप गेला, आजोबा. शहाता तांबट."

बहगतनी हात सोडला नाही. "कुठे?"

"सुएझला."

"केव्हा?"

हे काही लिहिलेलं नव्हतं. नटाने मनचं जोडून दिलं. "आज निरोप आला," तो म्हणाला.

बहगतची मान हळूहळू वळली. डावीकडच्या दिव्याकडे, वरच्या काळ्या दांडीकडे, समोरच्या काचेच्या डोळ्याकडे. किती दिसलं कोण जाणे. इन्साफने कापडाची कड मुठीत धरली. आता ते ओरडतील, काठी मागतील, या सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं!

ते दुसऱ्या मुलाकडे सरकले. त्याचा हात धरला, सांत्वन केलं. मग तिसऱ्याचं. मग चौथ्याचं. रांग संपली की माणसाने आत जाऊन बसायचं असतं. बहगत बसले नाहीत. मुतवल्लीचा हात सोडून ते वळले आणि चौथ्या मुलाच्या शेजारी, रांगेच्या टोकाला, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मयताच्या घरचा माणूस उभा राहतो तसे.

बाहेर गर्दीतली भाड्याची माणसं तयार होती. त्यांना सांगून ठेवलं होतं, एकेकाने आत यायचं, रांगेत जो उभा असेल त्याचा हात धरायचा. ती आली. एकेकाने बहगतचा हात धरला आणि बहगत प्रत्येकाला रीतीप्रमाणे म्हणाले, "तुम्हाला आयुष्य मिळो." शेवटी मुतवल्ली स्वतः येणाऱ्यांच्या रांगेत लागला. त्याला सगळं माहीत होतं, आणि उस्तादांचा हात धरून तो हमसून हमसून रडला. ते रडणं काही कॅमेऱ्यासाठी नव्हतं.

शेखने पढणं संपवलं. हाझिम उडीच मारून उठला. "कट! अरे वा! तो म्हातारा कोण? कुठून मिळाला?" कुणीतरी त्याच्या कानाला लागलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. क्षणभरच. तो धावत आला, बहगतच्या खांद्याचं चुंबन घेतलं. "उस्ताद, माफ करा. आम्हाला कल्पना नव्हती. पण काय उभे राहिलात! उस्ताद, एवढा उजेड आहे तोवर अजून एकदा... त्या बाजूने घेतो... जमेल ना?"

"उभा आहेच मी," बहगत म्हणाले. "मंडप उठेपर्यंत घरच्यांनी हलायचं नसतं."

तेव्हा कुठे इन्साफ आत शिरली. सगळे पुरुष बघत होते, बघोत. तिने बापाचा दंड धरला. तो गार पडला होता.

"बाबा, घरी चला. माझं चुकलं. सिनेमा होणार नाही म्हणाले, म्हणून मी हो म्हटलं. तुम्हाला एकदा बघता यावं म्हणून."

"मी ओरडलो का तुझ्यावर?"

"ओरडा ना."

"काय म्हणून? मला विचारलं असतंस तर मीही हो म्हटलं असतं." त्यांचा श्वास लागला. "मला बघायचा होता गं सिनेमा. फार बघायचा होता."

त्यांनी हात पुढे केला. येणाऱ्या कुणाहीपुढे करावा तसा. इन्साफला आधी उमजलं नाही. मग उमजलं, आणि तिने तो हात धरला. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

"त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, बाबा."

"आता ते घेऊन मी काय करू, पोरी?" बहगत म्हणाले.

मागे दिवे पुन्हा लागले. शेखने घसा साफ केला. "मदाम," हाझिम अदबीने म्हणाला, "जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

इन्साफ बाजूला झाली.