निळ्या ड्रमातली गिटार

तेजलचं डोकं काही आज फिरलं नव्हतं. बोईसरात ही खोली घेतली तेव्हापासून ते फिरलेलंच होतं.

वाणगावची ही मुलगी तारापूरच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये कामाला होती आणि सुटीच्या दुपारी गिटार वाजवायची. तिच्याकडे जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप होता, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. तो हळू वाजवला की गिटार सर्दी झाल्यासारखी बोलायची. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत उघडलं की मात्र सूर कडेला फाटायचा, तार गुरगुरायची, अंगावर काटा यायचा. तो आवाज हवा तर अँप उघडायलाच हवा. आणि उघडला रे उघडला की खालच्या खोलीतले चंद्रभान दारात उभे.

"पोरी, रातपाळी करून आलोय. बंद कर."

वर्षभर हेच. हळदीचा डीजे रात्रभर फळीवरची भांडी पाडतो, कंपन्यांचे भोंगे केव्हाही वाजतात, त्याचं कुणाला काही नाही. एका मुलीनं तार छेडली की मात्र सगळ्या बोईसरची झोप उडते! "मोबाईलवर तसल्या आवाजाचं अ‍ॅप असतं की," असं शहाणपण शिकवणाऱ्यांना तर तिनं हाणायचंच बाकी ठेवलं होतं. अँप आणि स्पीकरच्या मधे बसणारा, आवाज खाणारा डबाही तिनं लावून पाहिला. आवाज कमी झाला, पण स्पीकरचा कागदी पडदा हलेना. कागद हलला नाही तर हवा कोण ढकलणार?

आता मनीषनं शेवटचं बजावलं होतं. मनीष पालघरच्या बँडचा म्होरक्या. रविवारी संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठव, आवाज खरा हवा, नाहीतर दुसरा गिटारवाला तयार आहे.

मग तिनं ड्रम आणला. कंपन्यांतून निघणारा निळा ड्रम, ज्यात सगळं बोईसर पाणी साठवतं. त्याचं बूड कापलं, आत गोधड्या गुंडाळल्या, मधे स्पीकर आणि माइक ठेवला आणि ड्रम एका जाड गादीवर उभा केला. वर दोन तोंडं होती. एकातून वायरी आत गेल्या, दुसरं वाजवताना तेवढं हवेसाठी उघडायचं. खोलीत जागा नव्हती, म्हणून तो बाहेर गॅलरीत, पाण्याच्या ड्रमांच्या रांगेत गेला. आता अँप पूर्ण उघडला तरी बाहेर नुसती गुरगुर. दोन सुट्या गेल्या, चंद्रभान एकदाही वर आले नाहीत. जिंकले, असं तेजलला वाटलं.

रविवारी दुपारी दार लावून, कानाला हेडफोन लावून ती वाजवायला बसली. आणि तो आवाज आला. अगदी तोच. तिनं डोळे मिटले, शेवटची लांब तान सुरू केली, आणि हेडफोनमध्ये आधी फसफस झाली, मग खरखर, मग काहीच नाही.

ती धावत बाहेर आली. मैनाबाई, चंद्रभानची बायको, ड्रमच्या उघड्या तोंडात नळाचा पाइप धरून उभी होती.

त्या इमारतीत रीतच होती. पाणी आलं की घरी असेल त्यानं ड्युटीवरच्यांचेही ड्रम भरायचे. तेजलचा पाण्याचा ड्रम रोज भरलेला असायचा. तो कोण भरतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, काय केलंत हे तुमी?"

"दार बंद, वाटलं ड्युटीवर गेलीस. हा तुझा नवा ड्रम आज उघडा दिसला. आतून गुरगुर येऊ लागली, म्हटलं नळाला हवा धरली. कवाची भरू लागले, भरतच नाही मेला."

नळाची हवा! ज्या आवाजासाठी वर्षभर जीव काढला, तो नळाची हवा झाला. तेजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमच्या नवऱ्यापायी केलं हे सगळं. त्यांना आवाज सहन होत नाय, म्हणून गिटार ड्रमात कोंडली मी."

मैनाबाईनं पाइप खाली टाकला. आता तीही चिडली. "आवाज? त्यांना आवाज येतो कुठं गं? कॉम्प्रेसरपाशी उभं राहून राहून कान गेले त्यांचे. तू वाजवलंस की खाली पलंग हादरतो, त्यानं उठतात. ही गादी घातलीस, हादरा थांबला, तवापासून झोपतात." मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "कुणाला बोलू नको. कंपनीच्या तपासणीत कळलं तर घरी बसवतील."

तेजल भिजलेल्या गादीकडे बघत राहिली. ही गादी तर पहिल्या दिवसापासून तिच्या पलंगावर होती; ती स्पीकरखाली घालायचं तेवढं सुचलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, न सांगणाऱ्या त्या माणसाचा आला, आणि कान खाऊन वर तपासणी करणाऱ्या कंपनीचा तर सगळ्यात जास्त आला.

पाणी जिन्यावरून खाली गेलं होतं. चंद्रभान डोळे चोळत वर आले.

"काय झालं?"

"माझं रेकॉर्डिंग गेलं, काका," ती दातओठ खात पुटपुटली. "तुमी एकदा तरी सांगायचं होतं."

चंद्रभान तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात कानामागे धरला.

"पोरी," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल."