पूजेला बसलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे, साखळीसकट. सांगलीवाडीत नाथाजींच्या घरी दाराआडच्या खिळ्याला लटकून असतो. अंगावर गंज फारसा नाही, चावी अजून पहिल्या फिरकीत लागते. तेव्हा मोडलोय म्हणून मला अडगळीत टाकलंय, असं समजू नका. मोडलो असतो तर बरं झालं असतं. निदान सांगायला काही कारण तरी राहिलं असतं.

माझा जन्म अलीगढचा. तिथं भट्टीत तापवून माझी एकेक कडी कडक केली. कारागिरानं कानस घासून पाहिली, साधा ओरखडा उठला नाही, तेव्हा गडी खूश झाला. मग पोत्यात बसून रेल्वेनं मिरजेला आणि तिथून टेम्पोनं सांगलीला, गणपती पेठेतल्या इलाहीभाईंच्या दुकानात. तिथं दीड वर्ष पडून होतो. गिऱ्हाईक मला हातात घ्यायचं, लय जड हाय म्हणायचं आणि परत ठेवायचं. मला असा राग यायचा! अरे, हलकंच पाहिजे तर गाडीला रिबीन बांधा की.

नाथाजी दुकानात आले ते १९९५ च्या उन्हाळ्यात. नाथाजी म्हणजे खारी-टोस्ट विकणारा माणूस. मोटारसायकलच्या मागं दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे बांधून पहाटे पद्माळे, कर्नाळ, नांद्रे अशी गावं करायचे. दहापर्यंत घरी येऊन डबे उतरवायचे आणि मुलीला, पद्माला, मागं बसवून आयर्विन पुलावरून सांगलीतल्या शाळेत सोडायचे. पद्माचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. आई नाही. जूनमध्ये ती दहावीला जाणार होती आणि पुढं मास्तरीण व्हायचं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. ती गाडी म्हणजे नाथाजींचं पोट होतं आणि पद्माची शाळाही तीच होती.

त्या महिन्यात त्यांच्या आळीतून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या. नाथाजींची झोप उडाली होती. इलाहीभाईंनी त्यांच्यापुढं सगळं मांडलं. हँडललॉक तर गाडीला असतंच, पण ते जुनं झालं की त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. मग चोर-स्विच. सीटखाली लपवलेलं ते एक बटण, ते बंद केलं की गाडी चालूच होत नाही. पण ढकलत नेणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो, असं इलाहीभाई स्वतःच म्हणाले. तिसरा अलार्म, मुंबईहून नवीनच आलेला. गाडीला हात लागला की बोंबलायचा. आणि चौथा मी. पुढच्या चाकातून घालून खांबाला अडकवायचा.

नाथाजींनी विचारलं, गाडी कुठं गेलीय ते सांगणारं एखादं यंत्र निघालंय का? इलाहीभाई हसले नाहीत. ते म्हणाले, "तसलं काय आपल्याकडं अजून आलं न्हाई, नाथाजीराव. एकदा गेली की गेली. जाऊच द्यायची न्हाई, एवढंच आपल्या हातात हाय."

पद्मा बरोबर होती. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, आबा, हे घ्या, चोराला उचलायचाच कंटाळा येईल. दीड वर्षात माझ्या वजनाचं कौतुक करणारी ती पहिलीच. नाथाजींनी मला घेतलं आणि अलार्मही घेतला.

त्या अलार्मचं आणि माझं कधी पटलं नाही. कसं पटणार? मांजर सीटवर बसलं की तो ओरडायचा, पुलावरून ट्रक गेला की ओरडायचा, शेजारच्या रंगूबाईंनी पापड वाळत घालताना पदर लागला तरी ओरडायचा. रंगूबाईंनी एक दिवस नाथाजींना सुनावलं, तुझ्या गाडीला एकदा देवऋषाला दाखव बाबा. त्यात तो बॅटरी खायचा. दोनदा सकाळी गाडी चालूच झाली नाही आणि पद्माचा पहिला तास बुडला. शेवटी ऑगस्टमध्ये नाथाजींनी त्याच्या वायरी कापल्या. मला कोण आनंद झाला होता म्हणून सांगू! बरं झालं, तोंडाळ मेला गेला, असं मी मनात म्हणालो. मित्रांनो, तो आनंद आठवला की आजही मला माझीच लाज वाटते.

मी मात्र काम चोख करत होतो. नाथाजी मला दारापुढच्या विजेच्या खांबाला अडकवायचे, चावी फिरवायचे आणि एकदा ओढून बघायचे. एकदा सकाळी माझ्या कड्यांखाली करवतीचं तुटकं पातं पडलेलं दिसलं. त्याचे दात झिजवून चोर दमून निघून गेला होता. नाथाजींनी आळीभर सांगितलं, आमचं कुलूप वाघ हाय. पद्मानं खोबरेल तेलाचं बोट माझ्यावरून फिरवलं. माझ्या आयुष्यातले तेच काय ते चांगले दिवस.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नाथाजींच्या घरचा रिवाज असा, की नवमीला हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हलवायचं नाही. त्यालाही एक दिवस विसावा. पाटावर पाना, पक्कड, हवा भरायचा पंप, खारी मोजायचा तराजू, पद्माची कंपासपेटी आणि गाडीची चावी अशी सगळी मंडळी बसली. पद्मा राखेनं मला घासत होती. घासता घासता म्हणाली, "आबा, ह्यालाबी बसवूया. सगळ्यांत जास्त तर हेच राबतंय."

नाथाजी जरा घुटमळले. मग गाडीला काय लावायचं, असं त्यांनी विचारलं. पद्मा म्हणाली, दिवसाढवळ्या कोण नेतंय, आळी माणसांनी भरलीय, रात्री गाडीजवळ दारातच झोपू, उजाडलं की परत लावू. हँडललॉक तरी लावायचं, तर तेही जमेना. गाडीच्या हँडलला दोन्ही बाजूंनी ऊस बांधला होता, मधोमध झेंडूचा हार होता. वाकड्या हँडलनं का कुठं गाडी पूजतात? हँडल सरळ ठेवलं. चावी तर पाटावरच होती. नाथाजींनी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला पाटावर ठेवलं. तिनं मला हळद लावली, कुंकू लावलं, एक झेंडू वाहिला. खरं सांगू? मी फुगलो. मला वाटलं, चला, आपल्या कष्टांचं चीज झालं.

दुपारी रंगूबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या. जेवून दोघं जरा आडवी झाली. आणि मला बाहेर स्टँड काढल्याचा आवाज आला. तो आवाज मी हजारातून ओळखतो. मला ओरडायचं होतं, पण ओरडणं माझ्या जातीत नाही. ओरडणाऱ्याची वायर कापलेली, आणि धरून ठेवणारा मी पाटावर फुलं अंगावर घेऊन पडलेला. चाकं हळूहळू खांबापासून लांब गेली. तेवढंही मला ऐकू आलं.

नेणाऱ्याच्या अंगात पांढरा सदरा होता आणि कपाळाला कुंकू. भर आळीतून तो गाडी ढकलत गेला. रंगूबाई पायरीवरच बसल्या होत्या. त्यांना वाटलं, नाथाजींनी कुणाला तरी गाडी पूजेला गॅरेजात न्यायला सांगितलंय. त्यांनी त्याला हाक मारून वर सांगितलं, जपून ने रं, हार पडंल. हे त्यांनी नंतर रडत रडत नाथाजींना सांगितलं, आणि पुढं कित्येक दिवस त्या पायरीवर बसायच्याच बंद झाल्या.

नाथाजींनी पोलिसांत तक्रार दिली. मिरजेच्या भंगारवाल्यांकडं चकरा मारल्या. दिवाळीनंतर निरोप आला, साताऱ्याला तसलीच एक काळी गाडी सापडलीय. नाथाजींनी मला पिशवीत घातलं. गाडी मिळाली की तिथंच साखळी घालू, परत येईपर्यंत कुणाचा हात लागायला नको, असा त्यांचा विचार. एसटीत ती पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. साताऱ्याला ती गाडी दुसऱ्याच कुणाची निघाली. येताना त्यांनी मला पायाशी ठेवलं.

घरी आणि आळीत नाथाजी एकच सांगायचे, मीच कुलूप लावायचं विसरलो. पद्मा ऐकायची आणि मान खाली घालायची. मला कुणी पाटावर बसवलं ते त्या घरात तिघांनाच ठाऊक होतं. त्यातला बोलू न शकणारा मी.

नाथाजींनी सायकल घेतली. एकच डबा बसायचा, आणि गावं संपायला दुपारचे बारा वाजायचे. रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. मग पद्मा सिटी बसनं जायला लागली. थांबा लांब, बसची पायरी उंच, आणि साडेदहाची गर्दी कुणासाठी थांबत नाही. पंधरा-वीस दिवस तिनं कसेबसे काढले. एक दिवस पायरीवरून हात सुटला आणि ती रस्त्यावर पडली. कॅलिपरची पट्टी तुटली, गुडघा सुजला. दवाखान्यात जाऊन गुडघा बरा झाला, पण ती परत थांब्यावर गेली नाही.

जानेवारीत तिच्या वर्गाच्या ज्ञानदाबाई घरी आल्या. पोरगी हुशार आहे, मार्चला परीक्षा आहे, काहीतरी करा, असं त्या नाथाजींना कळवळून म्हणाल्या. नाथाजी खिशातला रुमाल काढून नुसता घडी करत बसले. तेव्हा पद्मा आतून भिंतीला धरून आली आणि म्हणाली, "बाई, आबांना बोलू नका. मलाच शाळा नकोय. मन लागत न्हाई माझं."

मी दाराआड होतो. बाई यायच्या आधी अर्धा तास ती इतिहासाचं पुस्तक पोटाशी धरून बसली होती, ते मी पाहिलं होतं. नाथाजींनीही पाहिलं होतं. बाई गेल्यावर दोघं जेवायला बसली. आमटी अळणी झाली होती, पण कुणी मीठ मागितलं नाही.

मित्रांनो, मला हळदकुंकू लावलं त्या हातांवर माझा राग नाही. त्या पोरीची माया होती ती, दुसरं काय? पण तुम्ही तरी ध्यानात ठेवा. राखणीला ठेवलेल्याचं कौतुक करायचं असेल, तर त्याला त्याच्या जागेवरच ठेवून करा. झेंडू वाहायचा तर खांबाशी, चाकात अडकवलेला असताना वाहा. चावी फिरवा, आणि फिरल्यावर एकदा ओढून बघा. मला उभ्या जन्मात एकच दिवस सुट्टी मिळाली, आणि त्या एका दिवसात पद्माची शाळा गेली.