‘देणे’ची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत ती सासऱ्यांना ‘सर’ म्हणायची, घरी ‘बाबा’. ते मुख्य संपादक, ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. लग्नानंतरही ही पद्धत मोडली नव्हती.

त्या दुपारी सरांनी तिची नोंद टेबलावर आपटली. लॅटिन आणि तिच्या बहीणभाषा ज्या भाषेतून निघाल्या, त्या आद्य इटालिकमधलं ‘देणे’ हे क्रियापद. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. रूपं तिच्या लेकी-भाषांवरून ताडायची आणि अंदाजाची खूण म्हणून डोक्यावर तारा काढायचा.

“हे ‘दिदो’ काय? लॅटिनमध्ये सरळ ‘दो’ आहे, मी देतो. हा ‘दि’ कुठून उपटला?”

“लॅटिनमध्ये गळाला, सर. पण तिची बहीण ऑस्कन, तिच्यात ‘दिदेस्त’ आहे, तो देईल. ग्रीकमध्ये ‘दिदोमि’, संस्कृतात ‘ददामि’. धातूचं पहिलं अक्षर दुप्पट व्हायचं, हे मुळातलंच.”

“मला अक्कल शिकवू नकोस! असलं खूळ कुणी भरवलं डोक्यात?”

“तुम्हीच, सर. पहिल्याच वर्षी. म्हणाला होतात, देणारा हात दोनदा पुढे येतो, म्हणून ‘दि-दो’. सगळा वर्ग हसला होता.”

सर खुर्चीत बसले. त्यांनी कागद जवळ ओढला, रूपं चालवू लागले. “मी... दिदो. तू...” पेन थांबलं. ओठ हलले, शब्द येईना. तिला ते रूप येत होतं, पण सांगायची छाती झाली नाही.

“हल्ली असं होतं,” ते पुटपुटले. “घरी बोलू नकोस.”

तिने ‘नाही बोलणार’ म्हणून मान हलवली. पण रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, “बाबा आज एवढे गप्प का?” आणि तिला गप्प बसवेना. तिने सगळं सांगितलं. त्यांच्यासमोरच, पाठीमागे नको म्हणून.

बाबांनी चमचा खाली ठेवला. “शब्द दिला होतास,” एवढंच म्हणाले आणि खोलीत गेले.

नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेतली. बाबा नाही म्हणाले नाहीत. गाडीत लेकाशेजारी पुढे बसले, त्याच्याशी हवापाण्याचं बोलत राहिले. मागे ती होती. दवाखान्यात नर्सने विचारलं, “सोबत कोण?”

“मुलगा,” ते म्हणाले.

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली.