चारी बाजूंनी छत्तीस इंच

त्या वर्षी थंडी अशी पडली की मास्तरांच्या दुकानात सुईत दोरा ओवायला दोन माणसं लागायची. मास्तर सुई धरायचे, बायको दोरा धरायची, आणि दोघांचेही हात कापत असल्यामुळे दोरा सुईच्या आजूबाजूला सगळीकडे जायचा, फक्त नेढ्यात जायचा नाही.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. कापणं-शिवणं त्यांच्याकडे, काजं-बटणं बायकोकडे, म्हणजे बाईंकडे. बाईंनी एका शर्टाला सात काजं करून सहाच बटणं लावली, ते खपून गेलं. पण मास्तरांनी बँकेतल्या मॅनेजरच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या जोडल्या. मॅनेजर तो घालून आरशासमोर उभा राहिला, तर सरळ उभा असूनही कुठल्या तरी कोपऱ्यावर वळत असल्यासारखा दिसत होता. त्याच संध्याकाळी हीटर घ्यायचं ठरलं.

विजेच्या सामानाच्या दुकानात मास्तर गळ्यात टेप घेऊनच गेले आणि कापड निवडावं तसे हीटर निवडू लागले. लाल तारांचा एक त्यांना पाहताक्षणी आवडला. रंग खुलतो, म्हणाले. विकणाऱ्या मुलीने हीटर कुठे लावणार असं विचारलं. शिवणकामाचं दुकान म्हटल्यावर तिने तो त्यांच्यासमोरून उचलूनच नेला. तापलेल्या तारेवर एक चिंधी उडाली तरी पुरे, म्हणाली. दुसरा पंख्याचा होता. तो खोली झटपट गरम करतो, पण खाली पडलेले दोरे आणि तूस आत ओढून घेईल, असं तिचं म्हणणं पडलं. मास्तरांच्या दुकानात जमिनीपेक्षा दोरेच जास्त दिसायचे, त्यामुळे तोही गेला.

तिसरा तेलाचा. हळूहळू तापतो, पण तार कुठे उघडी नाही. हवी तेवढी ऊब झाली की आपोआप थांबतो, आणि कलंडला तर स्वतःच बंद पडतो. यातलं तेल कधी बदलायचं आणि जुनं निघालेलं शिलाई मशिनला चालेल का, असं मास्तरांनी विचारलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, ते तेल जन्मभर आतच राहू द्या."

मास्तर अजून लाल ताराच शोधत होते. बाईंनी मात्र तेलाच्या हीटरच्या उभ्या पात्यांवरून हात फिरवला. "चुण्या बघा किती सारख्या पडल्यात," म्हणाल्या. तिथे प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा धाकटा भाऊ हीटर लावून द्यायला आला. तो वायरमन. मास्तरांनी तोवर हीटरची पिन लांब वायरच्या बोर्डात खुपसली होती. त्याने ती आधी उपटली.

"दाजी, या एका बोर्डावर मशिन आहे, इस्त्री आहे, दिवा आहे, रेडिओ आहे. त्यात हा बसवलात तर खोली गरम होईल, पण बोर्ड पेटून होईल. हा एकटाच, थेट भिंतीतल्या प्लगला. आणि याच्या चारी बाजूंनी तीन फूट काही नको. कापड तर मुळीच नको."

एवढं सांगून तो दुसऱ्या कामाला गेला. मास्तरांनी टेप काढली. छत्तीस इंच. आयुष्यभर त्यांनी अर्ध्या इंचाची चूक होऊ दिली नव्हती, बाह्या सोडल्या तर. त्यांनी खडूने हीटरभोवती गोल आखला, तर त्यात चिंध्यांची पोती आली. हीटर सरकवला, तर लटकवलेले कोट आले. ट्रायल रूममध्ये नेला, तर पडदा आला. शेवटी छत्तीस इंचांचा हिशोब फक्त उंबऱ्यावर जमला. मग हीटर दिवसभर दारात बसून रस्ता गरम करत राहिला. गल्लीतलं एक कुत्रं त्याच्यासमोर पोट वर करून झोपलं, आणि मास्तर आत मफलर गुंडाळून शिवत बसले.

बाईंनी हे दुपारपर्यंत सहन केलं. मग पदर खोचून दुकानच आवरायला काढलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दुकानाची मागची भिंत दिसली, आणि तिच्यापुढे हीटर ठेवून खडूचा पूर्ण गोल मावला. पोत्यांखाली तीन कात्र्या निघाल्या, मास्तरांचा चष्मा निघाला, आणि अगदी तळाशी एक तपकिरी पँट निघाली, घडी केलेली, चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठीवर पोस्टमनचं नाव होतं.

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. नऊ वर्षांपूर्वी पोस्टमन ही पँट मागायला आला होता आणि मास्तरांनी ती कधीच दिली म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मोठं भांडण झालं होतं. तेव्हापासून पोस्टमन मास्तरांची पत्रं रस्त्यावरूनच आत फेकायचा, आणि नेम चांगला असल्यामुळे ती बहुतेक वेळा चहात पडायची.

परत पोत्याखाली ठेवू, असं मास्तर पुटपुटले. बाईंनी पँट त्यांच्या हातात दिली. समोर जायची हिंमत नव्हती, म्हणून मास्तरांनी पँटचं पार्सल केलं आणि पोस्टात टाकलं. पोस्टमनने ते दिवसभर पिशवीतून हिंडवलं आणि संध्याकाळी स्वतःच्याच घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपालाची पिशवी घेऊन दुकानाच्या आत आला. पिशवीतून ती पँट काढून तडक ट्रायल रूममध्ये गेला. बराच वेळ आतून धापा ऐकू आल्या. बाहेर आला तेव्हा पँट चढली होती, पण कमरेला तिच्या दोन टोकांमध्ये चार इंच मोकळी हवा होती.

"मास्तर," तो म्हणाला, "चूक तुमची, पण चार इंच माझे आहेत. हे मी मान्य करतो."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवणीत दोन इंच त्यांनी राखून ठेवले होते. उरलेल्या दोन इंचांसाठी मागे हिरवी पट्टी घालू, परवा या, असं ते म्हणाले. पोस्टमन म्हणाला की नऊ वर्षांनी आता परवा नको, तो इथेच बसेल. तो आपली पँट बदलून हीटरजवळ बसला आणि दवाने ओली झालेली टोपी सवयीने हीटरवर वाळत घालायला गेला. बाईंनी कापड मोजायचा लाकडी गज पुढे करून ती हवेतच अडवली. त्यावर काही वाळवायचं नाही, आणि बसायचं ते खडूच्या बाहेर, असं बजावलं.

पट्टीला दुपार झाली. टपाल आलं नाही म्हणून लोक शोधत आले. आधी दूधवाला, मग बँकेचा मॅनेजर, मग दोन आज्या. खडूच्या रेषेबाहेर गोल करून सगळे बसले, पोस्टमन एकेकाचं पत्र हातात देत गेला, आणि पत्र मिळालं तरी कोणी उठेना. मॅनेजरने बाह्यांचा विषयसुद्धा काढला नाही.

चार वाजता पँट बसली. शर्ट मात्र कधी खोचायचा नाही, असं ठरलं. मास्तरांनी वही पुढे करून पँट मिळाल्याची सही घेतली, तारीख घालून, दोन साक्षीदारांसह. मग बाईंनी सगळ्यांना उठवलं, हीटर बंद केला, भिंतीतली पिन काढली आणि दुकानाला कुलूप लावलं.