अनोळखी सदरातली माणसं

ईस्टरनंतर एनोसाला घराण्याच्या प्रमुखाची ‘लेसा’ ही उपाधी मिळाली, म्हणजे त्याचं नावच लेसा झालं आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला लागेनात. पाठोपाठ चर्चचं खजिनदारपदही चालून आलं. म्हणजे बैठकीत त्याने दुसऱ्या कुणाला तोंडच उघडू दिलं नाही, तर ते पद बिचारं जाणार कुठे?

सभागृहाच्या छपरासाठी कुणी किती दिलं ते महिन्याच्या शेवटच्या रविवारी भर चर्चमध्ये कुटुंबाच्या नावानिशी वाचलं जातं. आमच्या सावाई बेटावर माणूस एक वेळ उपाशी राहील, पण आपल्या नावापुढे ‘काही नाही’ ऐकून घेणार नाही. लेसा या नावाने एनोसाचं हे पहिलंच वाचन. त्याने दोन हजार टाला भरले होते, तेही उसने काढून. तो आकडा आपल्याच तोंडाने गावाला ऐकवायचा म्हणून तो आठवडाभर घसा जपत होता.

आधीचा म्हातारा खजिनदार परदेशी गेलेल्या मुलांनी बँकेत पाठवलेल्या पैशांचा उतारा घेऊन झाडाखाली बसायचा. “हा ऑकलंडचा पाउलो कुणाचा गं?” असं विचारायचा आणि बायका तारोचे कंद सोलता सोलता सांगायच्या. दुपार जायची, एखादं भांडण व्हायचं आणि हिशेब जुळायचा. लेसाला हे रानटी वाटे. त्याने राजधानी आपिआहून संगणकाची प्रणाली आणवली. बँकेच्या नोंदींची फाइल घ्यायची, तारखा एका साच्यात बसवायच्या, दुबार ओळी काढायच्या. मग यंत्र पाठवणाऱ्याचं नाव कुटुंबांच्या यादीशी ताडून पाहणार. जुळलं तर रक्कम कुटुंबाच्या खात्यात, नाहीतर ‘अनोळखी’ सदरात. आता यादीत नावं घरच्या वडीलधाऱ्यांची आणि बँकेत पासपोर्टावरची, ही एवढीशी गोष्ट यंत्राला कुणी सांगितली नव्हती. लेसाला ती ठाऊक होती. पण शिस्त म्हणून काही असतं की नाही?

शुक्रवारी फुआतिनो आत्या आली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा ब्रिस्बेनला खाटीकखान्यात कामाला. चर्चमधलं प्रत्येक स्तोत्र तिच्याच सुराने सुरू व्हायचं.

“एनोसा, माझ्या सिआओसीचे आठशे आले का रे?”

“लेसा म्हण, आत्या.”

“बरं, लेसा तर लेसा. आले का?”

तिने पडद्यावर बोट ठेवलं. ‘अनोळखी’ सदरात अगदी वरच होतं, सिआओसी तानिएलु, आठशे. त्याखाली आणखी बऱ्याच ओळी होत्या.

“हाच की! लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून समुद्रात जायचास, तो तुला अनोळखी?”

“मला नाही गं, यंत्राला. यादीत तुझं नाव आहे, त्याचं नाही. आज तुझ्यासाठी हाताने बदललं तर उद्या सगळं गाव दारात उभं राहील.”

“राहू दे की. दार कशाला असतं?”

लेसाने मान हलवून बटण दाबलं. एकूण बेरीज बँकेशी शेवटच्या पैशापर्यंत जुळली. त्याने कागद छापला आणि न वाचताच झकास चामडी पाकिटात ठेवला. बेरीज जुळल्यावर वाचायचं काय?

रविवारी तो पांढऱ्याशुभ्र कोटात उभा राहिला. आवाज खरोखरच छान लागला होता. त्या छान आवाजात तो एकामागून एक ‘काही नाही’ वाचत सुटला, तसे हातातले पंखे थांबत गेले. फुआतिनो आत्याचंही ‘काही नाही’ त्याने जराही न अडखळता वाचलं.

सर्वांत शेवटी त्याने स्वतःला ठेवलं होतं.

“लेसा कुटुंब,” तो म्हणाला आणि कागदावर नजर गेली. शून्य.

बँकेतलं खातं अजून एनोसाच्या नावावर होतं, हे त्याला तिथे, सगळ्या गावासमोर उमगलं. मग घसा खाकरून, कागदाकडे न बघता तो म्हणाला, “दोन हजार टाला.”

पाद्रीबाबांनी समारोपाचं स्तोत्र सांगितलं. सगळे आत्याच्या सुराची वाट बघू लागले. आत्याने तोंड उघडलं नाही. कुणीच उघडलं नाही. शेवटी लेसानेच सुरुवात केली. एक ओळ झाली, दुसरी झाली, साथीला कुणी आलं नाही. त्याच्या बायकोने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

तो थांबला. लाज वाटली त्याला, खरीखुरी.

“फुआतिनो आत्या,” तो म्हणाला, “आठशे. सिआओसीचे.”

“कागदावर आहेत?”

“नाहीत.”

“आणि तुझे दोन हजार?”

“तेही नाहीत.”

“अस्सं.” आत्याने पंखा मांडीवर ठेवला. “मग आणखी कोण कोण राहिलंय ते सांग बाबा. सगळे बसलेत इथे.”

लेसाने कागद उलटा केला, सुलटा केला. तळाशी ‘अनोळखी’ लिहिलं होतं आणि पुढे एकच मोठा आकडा, अगदी बिनचूक. ‘काही नाही’ ऐकलेली सगळी घरं त्याच्या तोंडाकडे बघत होती. पण त्या आकड्यामागची नावं कागदावर नव्हती, आणि पडद्यावर होती तेव्हा त्याने ती वाचलीच नव्हती.